माश्यांचा बटवारा

पेटी उघडू नका, एवढंच अलकाताई सांगून गेल्या होत्या. आणि भय्यासाहेब पोतनीसांनी ती उघडली ती केवळ, न उघडण्यासारखं आत काय असतं ते पाहावं म्हणून.

उघडली आणि लगेच बंद केली. मग पुन्हा उघडली. एका चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगा लटकत होत्या. माधव नगरातल्या आपल्या मागच्या अंगणात, मधमाश्यांच्या पेटीत, भुईमूग लागायचं काही कारण नव्हतं. भय्यासाहेबांनी मोबाइल काढला. एका पंजाबी सरदारजींच्या व्हिडिओवरून कळलं, की त्या शेंगा नव्हेत, राण्यांची घरं आहेत. पेटीत माश्या फार झाल्या की त्या नव्या राण्या वाढवायला घेतात. आणि ती घरं मेणाने बंद झाली, की जुनी राणी निम्मं कुटुंब बरोबर घेऊन एके दिवशी उडून जाते. "फिर आप बैठे रहो आसमान देखते," असं म्हणून सरदारजी मोकळेपणाने हसले होते. भय्यासाहेब हसले नाहीत. घरं बंद होत आली होती.

इथे भय्यासाहेबांची या बाबतीतली ख्याती सांगणं भाग आहे. त्यांच्या देखरेखीखाली आजवर एकही जीव टिकला नव्हता. काचेच्या पेटीतले मासे गेले, मनी प्लांट गेला. अलकाताई एकदा आठवडाभर सहलीला गेल्या तर निवडुंग वाळला. "निवडुंग मारायला खास कर्तृत्व लागतं," असं अलकाताई आल्यागेल्याला सांगत. त्या जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. मधमाश्या हा त्यांचा म्हातारपणचा संसार. आता दोघांची लेक मुक्ता हिच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी फोन आला की पहिला प्रश्न "माश्या कशा आहेत?" आणि दुसरा, वेळ उरला तर, "तुम्ही कसे आहात?"

"मजेत," भय्यासाहेब दोन्हींना मिळून एकच उत्तर देत.

त्या संध्याकाळीही त्यांनी "मजेत" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पुढचं सगळं त्यांना दिसायला लागलं. अलकाताई परत येणार, मागच्या अंगणात जाणार, झाकण उचलणार, आणि निम्म्या माश्या नसणार. त्या रागावणार नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं "अच्छा" म्हणणार, निवडुंगाच्या वेळी म्हणाल्या होत्या तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारकडे धाव घेतली. स्वतः नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे सरकारवर त्यांचा विश्वास होता. म्हणजे आपण आत होतो तेव्हाचा. पहिल्या खात्याने सांगितलं, मधमाशी हा कीटक, तेव्हा शेतीवाल्यांना विचारा. शेतीवाले म्हणाले, मध आला म्हणजे ग्रामोद्योग. ग्रामोद्योगवाले म्हणाले, उडून जाणार आहे ना, मग ती वन्य. वनवाले म्हणाले, घरात पाळली ना, मग ती पाळीव. पाळीव जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाने शांतपणे विचारलं, "काटती है क्या?"

"काटती है."

"तो फिर सिविल हॉस्पिटल."

भय्यासाहेबांच्या मनात अभिमान दाटून आला. तीस वर्षांत त्यांनीसुद्धा माणसाला इतक्या कमी वेळात इतका लांब फिरवला नव्हता.

सरकार संपलं की शेजार उरतो. डावीकडचे नागरसाहेब पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते, आणि जगातली प्रत्येक अडचण ही मुळात पाइपलाइनची अडचण आहे असं त्यांचं मत होतं. "देखो भिया, प्रेशर बढ़ गया है. लाइन दो कर दो. आधी इधर, आधी उधर. खतम बात." गंमत म्हणजे सरदारजीही तेच सांगत होते: माश्यांच्या उडण्याची वाट पाहू नका, आपणच पेटीच्या दोन पेट्या करा. दुसरी रिकामी पेटी अलकाताईंनी आणून ठेवलेलीच होती.

उजवीकडच्या जयूवहिनींनी मात्र गच्चीवरून आक्षेप घेतला. "भय्यासाहेब, होलाष्टक सुरू आहे. होळीआधीच्या या दिवसांत कोणी घर फोडतं का?"

"वहिनी, होलाष्टक आपल्या मराठी पंचांगात नाही."

"पंचांगात नाही, पण उज्जैनमध्ये आहे ना? आणि तुम्ही कुठे राहून राहिलात?"

हा मुद्दा बिनतोड होता. पोतनीसांच्या पाच पिढ्या इथे गेल्या. जन्म शिंद्यांच्या पगारावर, लग्नं पुण्याच्या मुहूर्तावर आणि भीती मात्र स्थानिक, अशी घराण्याची व्यवस्था. थांबावं तर राणी उडणार, करावं तर होलाष्टक. शेवटी नागरसाहेबांनी तोडगा काढला. "बटवारा मत बोलो ना. विस्तार बोलो. विस्तार तो कभी भी हो सकता है. हमारे डिपार्टमेंट में हर टूटी लाइन विस्तार में जाती थी."

तेव्हा विस्तार करायचा ठरला.

शुक्रवारी सकाळी भय्यासाहेब अलकाताईंची जाळीची टोपी, स्वतःचा रेनकोट आणि पायजम्याचे पाय मोज्यांत खोचून अंगणात उतरले. नागरसाहेब खिडकीच्या काचेआड उभे राहून मार्गदर्शन करत होते. आवाज येत नव्हता, फक्त हात दिसत होते. जयूवहिनी गच्चीवर, पदर नाकाला लावून. धुराच्या भात्यात भय्यासाहेबांनी नारळाची शेंडी आणि गोवरीचा तुकडा घातला. पहिला धूर त्यांच्याच जाळीत शिरला. खोकून झाल्यावर त्यांनी झाकण काढलं, आणि इतक्या माश्यांनी एकदम आपल्याकडे पाहिल्याचा भास होऊन, नोकरीतल्या पहिल्या दिवसासारखा त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

आता वाटणीचं म्हणाल, तर त्या कामात भय्यासाहेबांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. शेती, विहीर, गोठा, आंब्याचं झाड, भावाभावांत त्यांनी सगळं वाटलं होतं, आणि त्यांच्या वाटणीवर अपील टिकलं नाही अशी त्यांची कीर्ती होती. तत्त्व एकच: चांगल्यातलं निम्मं, वाइटातलं निम्मं. त्याच तत्त्वाने त्यांनी मधाच्या चौकटी निम्म्या केल्या, पिल्लांच्या चौकटी निम्म्या केल्या, आणि राण्यांची घरंही. चार जुन्या पेटीत, चार नव्या पेटीत.

सरदारजींनी व्हिडिओत बजावलं होतं, की जुनी राणी ज्या पेटीत राहील तिथे नव्या राणीचं एकही घर ठेवू नका. भय्यासाहेबांनी हे ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण त्यांना ते पटलं नव्हतं. एका वाटेकऱ्याला सगळे वारस आणि दुसऱ्याला एकही नाही? अशी वाटणी त्यांनी भर तहसीलीत केली असती तर लोकांनी जीप जाळली असती. आणि मुळात जुनी राणी कुठल्या पेटीत आहे, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? तिला शोधायला त्यांनी चष्मा पुसला. चष्मा जाळीच्या आत होता, पुसली गेली जाळी. त्या गडबडीत राणी सापडली नाही, आणि एक माशी मोज्यात सापडली.

पण समसमान वाटणी झाली. पेट्या शेजारी शेजारी लागल्या. नागरसाहेबांनी काचेआडून टाळ्या वाजवल्या. भय्यासाहेब लंगडत, पण ताठ मानेने आत गेले.

दुपारी पाहतात तो नवी पेटी ओस. उडणाऱ्या माश्या एकजात जुन्या दारात शिरत होत्या. त्यांच्या लेखी घर म्हणजे ती जागा; विस्ताराचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. नव्या पेटीत फक्त उडता न येणारी लहानसहान मंडळी बसली होती, पाहुण्यांनी घर सोडल्यावर उरतात तशी.

"असंच असतं हो," जयूवहिनी म्हणाल्या. "नवं लग्न झालेली पोर सुरुवातीला सारखी माहेरीच पळते."

"वहिनी, सगळी वरातच माहेरी परत गेली आहे."

संध्याकाळी फोन आला. "माश्या कशा आहेत?"

"मजेत," भय्यासाहेब म्हणाले, आणि डंख झालेला पाय गरम पाण्यात बुडवला.

"मी परवा सकाळी पोचतेय. मुक्ताच्या सासूबाई आल्यात, म्हणाल्या, या जाऊन आठ दिवस. आवाज असा का येतोय तुमचा?"

"रेंज," भय्यासाहेब म्हणाले.

शनिवारी ते पेटीसमोर खुर्ची टाकूनच बसले. पाहून काय होणार होतं कोण जाणे. पण परीक्षेच्या हॉलबाहेर बाप बसतात, तसे ते बसले. दुपार झाली. ऊन चढलं. आणि जुन्या पेटीच्या दारातून, उकळलेलं दूध पातेल्याबाहेर यावं तशा माश्या बाहेर यायला लागल्या. जुनी राणी त्याच पेटीत होती, चार नव्या राण्यांची घरंही तिच्याच उशाशी, आणि बाहेरच्या सगळ्या माश्या परत येऊन दाटी पहिल्याहून वाईट. तिने केलं ते कोणत्याही स्वाभिमानी सासूने केलं असतं. ती घर सोडून निघाली.

अंगणावर आभाळ गुणगुणायला लागलं. भय्यासाहेब उठले, जाळीची टोपी घातली, आणि रस्त्याने धावत सुटले. वर माश्यांचा ढग, खाली भय्यासाहेब, मागे नागरसाहेब. माधव नगरातल्या लोकांनी तहसीलदारसाहेबांना धावताना प्रथमच पाहिलं. "काय हो, कोण पळालं?" जयूवहिनींच्या जाऊबाईंनी फाटकातून विचारलं. "राणी!" एवढंच भय्यासाहेब बोलू शकले, आणि पुढचा गैरसमज दूर करायला थांबता आलं नाही.

ढग कोपऱ्यावरच्या हनुमान मंदिरात शिरला. सभामंडपाच्या मधोमध पितळी घंटा टांगली होती. पाहता पाहता सगळ्या माश्या तिच्यावर जमल्या, आणि घंटेच्या जागी एक मोठा, काळासावळा, हलता भोपळा लटकायला लागला. मग शांतता.

माश्या गेल्या नव्हत्या. डोक्यावर हातभर उंच, अख्ख्याच्या अख्ख्या होत्या. भय्यासाहेबांनी जाळीआडूनच मारुतीला हात जोडले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना आठवलं, की आज शनिवार आहे. देवळात गर्दी होणार. आणि उज्जैनचा माणूस देवळात शिरला की देवाकडे पाहायच्या आधी त्याचा हात वर जातो.

पहिले आले ते एक वकील. बूट काढले, पायरी चढले, हात उचलला. भय्यासाहेबांनी झेप घेऊन मनगट धरलं. "ऊपर देखिए!" वकिलांनी पाहिलं आणि बूट न घालताच गेले. मग कॉलेजची पोरं आली. मग एक दुकानदार. प्रत्येकाला भय्यासाहेब सांगत, आणि प्रत्येकजण "हाँ हाँ, समझ गए" म्हणत पुन्हा हात वर नेई. हाताला समजलेलं नसे. मग एक जाड्याशा बाई ताट घेऊन, डोळे मिटून, जप करत आल्या. भय्यासाहेबांनी त्यांचंही मनगट धरलं. बाईंनी डोळे उघडले. समोर जाळीचा बुरखा घेतलेला एक पुरुष. पुढचं सविस्तर सांगायचं कारण नाही. नागरसाहेब मध्ये पडले म्हणून ताट फक्त खांद्याला लागलं. पण जयूवहिनी तोवर तिथे पोचल्या होत्या, आणि त्यांनी कर्तव्यबुद्धीने तिथूनच अलकाताईंना फोन लावला: "काळजी करू नका, पण भय्यासाहेब देवळात बायकांचे हात धरून राहिलेत."

दरम्यान पुजारीजी माडीवरून उतरले. आधी घाबरले, मग नीट पाहिलं, मग हात जोडले. "आज शनिवार, और स्वयं घंटे पर. ये साधारण बात नहीं है." अर्ध्या तासात नारळ आले, झेंडूची माळ आली. माळ कोण घालणार यावर मात्र एकमत होईना.

"पुजारीजी, ये मेरी मधुमक्खियाँ हैं," भय्यासाहेब म्हणाले. "मिसेस की."

"थीं. अब भगवान के द्वार आ गईं. अब भगवान की."

"ऐसे कैसे? मालकी माझी... मालिकाना हक़ हमारा है."

"और कब्जा किसका?"

आयुष्यभर गरीब लोकांना भय्यासाहेबांनी हेच वाक्य टेबलाच्या त्या बाजूने ऐकवलं होतं. नागरसाहेबांनी कुठल्याशा तक्रार-क्रमांकावर फोन लावला. तिथे कुत्रे, गाई, माकडं आणि साप एवढेच पर्याय होते. त्यांनी माकड निवडलं. पाचच मिनिटांत संदेश आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे.

शेवटी पुजारीजींनीच कौल दिला. भय्यासाहेबांनी खालून खोका धरावा. आरतीपर्यंत माश्या आपण होऊन त्यात उतरल्या तर त्यांच्या, नाहीतर देवाच्या. जयूवहिनी घरी जाऊन मिक्सरचा खोका घेऊन आल्या. मिक्सर बिघडून काळ झाला असला, तरी खोका कुठलीही मराठी गृहिणी टाकत नाही.

भय्यासाहेब स्टुलावर चढले. नागरसाहेबांनी डोळे मिटून स्टूल धरलं. डाव्या हाताने छातीशी उघडा खोका, आणि तोंडासमोर, जाळीपलीकडे वीतभर अंतरावर, तो भोपळा. त्याचा श्वास ऐकू येत होता. हजारो पाय एकमेकांत अडकवून ती मंडळी लोंबत होती, आणि त्यांच्या पोटात कुठेतरी जुनी राणी. भय्यासाहेब मनात म्हणाले, बाई, चुकलं असेल माझं. वारस तुझ्या घरात ठेवायला नको होते. पण मी समान वाटलं गं. उतर. उद्या सकाळची गाडी आहे तिची. ही एवढी एक गोष्ट माझ्या हातून मरू देऊ नकोस.

एकही माशी हलली नाही. ऊन कललं. हात बधिर झाला. खाली गर्दी वाढत होती. मोबाइल वर झाले होते. पुजारीजींनी घड्याळ पाहिलं, आत गेले, निरांजन पेटवलं. शंख वाजला. "आरती सुरू हो रही है, साहब," नागरसाहेब खालून कापऱ्या आवाजात म्हणाले. "अब?"

गाभाऱ्यात ज्योत वर गेली. मारुतीरायाच्या शेंदरी चेहऱ्यावर उजेड पडला. सगळं हातचं गेलं होतं, आणि अशा वेळी माणूस करतो तेच भय्यासाहेबांनी केलं. मान लवली, डोळे मिटले, आणि जन्मभराच्या सवयीने त्यांचा उजवा हात वर गेला.

टण्ण!

एकच टोला, पण पूर्ण श्रद्धेने मारलेला. सगळा भोपळा एकसाथ सुटला आणि थाडकन खोक्यात पडला. काही खोक्याबाहेर पडला, काही भय्यासाहेबांवर. गर्दी पळाली. नागरसाहेब स्टूल धरून होते, कारण त्यांनी डोळेच उघडले नव्हते. भय्यासाहेब खाली उतरले कसे, हे त्यांना कधीच सांगता आलं नाही. त्यांनी खोका जमिनीवर ठेवला, झाकणं अर्धवट लोटली. आणि मग इकडेतिकडे उधळलेल्या माश्या, शाळा सुटल्यावर नव्हे तर भरल्यावर पोरं जातात तशा, एकामागून एक चालत त्या खोक्यात जायला लागल्या. राणी आत होती.

"उतरीं!" पुजारीजी म्हणाले. दिलेला शब्द दिलेला होता.

"क्या प्लानिंग थी साहब!" नागरसाहेब डोळे उघडून म्हणाले. "एक झटका! सीधे!"

भय्यासाहेब खोक्याशेजारी खाली बसले. त्यांचा वरचा ओठ सुजत होता.

सकाळी रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा ते दारात उभे होते. एक डोळा बंद, दुसरा अलकाताईंवर.

"काय झालं डोळ्याला?"

"माशी."

"कोणाची?"

"आपली." मग त्यांना राहवेना. रेनकोट, चार इकडे, चार तिकडे, ओस पेटी, घंटा, खोका, सगळं त्यांनी फाटकातच सांगून टाकलं, ओठ आड येत होता तरी. अलकाताई बॅग हातात धरून ऐकत राहिल्या.

"राण्यांची घरं मला दिसली होती," त्या म्हणाल्या. "निघाले त्याच्या आदल्या दिवशी. नुकती सुरू झाली होती."

"मग सांगितलं नाहीस?"

"तुम्ही झोपला नसता."

"आणि उडून गेल्या असत्या म्हणजे?"

"गेल्या असत्या. निम्म्या जातात, निम्म्या राहतात. त्यांचा तो नियमच आहे. मी मनातून सोडूनच दिल्या होत्या."

भय्यासाहेबांना धक्क्यापेक्षा अपमानच जास्त वाटला. ज्या निम्म्या माश्यांसाठी त्यांनी सरकार, शेजार, धर्म आणि एक डोळा पणाला लावला, त्या माश्या हिने आधीच खर्ची घातल्या होत्या. ते काहीतरी बाणेदार बोलणार होते, पण सुजलेल्या ओठाने बाणेदार बोलता येत नाही.

अलकाताई बॅग ओट्यावर ठेवून सरळ मागे गेल्या. खोका पाहिला, जुनी पेटी पाहिली. मग ती दुसरी, ओस पेटी उघडली. टोपी नाही, मोजे नाहीत. एक चौकट अलगद वर काढली आणि उन्हाकडे धरली. भय्यासाहेबांना वाटलं, आता ते "अच्छा" येणार.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "ही बघा."

मूठभर लहान माश्यांमध्ये एक लांबट, नवीकोरी, तांबूस राणी चौकटीवरून घाईघाईने चालली होती. शेंगेचं टोक कापल्यासारखं उघडं होतं.

"जिवंत आहे?" भय्यासाहेबांनी एका डोळ्याने विचारलं.

"तुम्ही वाढवलीत. धरा."

"मी? नको. माझ्या हातात..."

"धरा म्हणते ना." त्यांनी चौकट त्यांच्या उघड्या हातांत दिली. एक माशी चौकटीच्या कडेवरून उतरली, अंगठ्यावर आली, आणि त्यांच्या नखावर उभी राहून विचार करायला लागली. भय्यासाहेब जागच्या जागी गोठले.

"श्वास घ्या," अलकाताई म्हणाल्या. "पण तोंड तिकडे करून."